जुन्या एमपीएफआयची पेट्रोल लाइन: कुठले पाने घेतले आणि का

गाडी एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी. टाकीकडून येणारी लोखंडी लाइन फिल्टरपाशी सुटी झाली. नट दोन्ही शाबूत निघाले. किनाऱ्यालगत उभी राहणारी गाडी, वर गोव्याचा चार महिन्यांचा पाऊस, म्हणजे पोटाखालचा प्रत्येक नट गंजलेलाच धरून चालायचं. अशा नटाला साधा डबल एंड पाना लावला की गेलाच. तो दोनच बाजू धरतो, सगळा जोर दोन कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे उडतात. मग व्हाइस ग्रिप, आणि त्यानंतर नवी लाइन.

रिंग पान्याची पकड चांगली, पण पाइप मध्ये येतो. म्हणून फ्लेअर नट पाना: रिंगलाच पाइप जाण्यापुरती फट ठेवलेली असते, त्यामुळे पकड पाच बाजूंवर मिळते. घेताना सहा कोनांचाच घ्या. बारा कोनांचा अडचणीच्या जागी सोयीचा, पण गंजाने झिजलेल्या नटावर तोच आधी सटकतो. स्वस्त पान्याचा जबडा जोर लावल्यावर उघडतो. जबड्याच्या भिंती जाड आहेत ना, ते बघा. आणखी एक गोष्ट बहुतेकांकडून राहते: फट पाइपपेक्षा मोठी हवी. ८ मिमीच्या पाइपवर ७ मिमी फटीचा पाना शिरणारच नाही. मडगावला किंवा म्हापशाला खरेदीला जाताना जुन्या पाइपचा तुकडा आणि नट खिशात असू द्या.

संपूर्ण सेट घ्यायची गरज नाही, असं आमचं मत. आधी नट व्हर्नियरने मोजा, मग १०, १२, १४, १७ यांपैकी लागतील तेवढेच चांगल्या प्रतीचे घ्या. अँबॅसडरसारखी गाडी असेल तर इंची मापांचे वेगळे. ३/८ इंच म्हणजे ९.५३ मिमी, त्यावर १० चा पाना जवळजवळ अर्धा मिमी ढिला बसतो, आणि एवढं अंतर नट गोल व्हायला पुरतं.

सोडवताना पाने नेहमी दोन. एकाने फिल्टरचा षटकोन धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच लावला तर फिल्टर फिरतो आणि पाइप पिळला जातो. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारा. आट्यांवर तर माराच, पण नटाच्या मागे, पाइप आत शिरतो तिथेही. नट पाइपला चिकटतो तो तिथेच. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा, मग सोडवा. ज्योत किंवा हीट गन अजिबात नको.

त्याआधी प्रेशर काढणं आलंच. एमपीएफआयमध्ये लाइनमध्ये साधारण ३ बार असतात. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, दोन-तीन सेकंद क्रँक करा, टाकीचं झाकण उघडा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. खड्ड्यात उतरून हे काम करू नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी हवा.

बसवताना पहिले दोन-तीन आटे बोटांनीच. टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवय इथे सोडा. सील फ्लेअरशी, म्हणजे पाइपच्या पसरवलेल्या तोंडाशी होतो, आट्यांत नाही. शिवाय टेपचे तुकडे इंजेक्टरपर्यंत पोचतात. बँजो बोल्ट (ज्याच्या आतून पेट्रोल जातं तो पोकळ बोल्ट) असेल तर तांब्याचे दोन्ही वॉशर नवे. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, क्रोफूट (टॉर्क रेंचला लावायचं पान्याचं सुटं तोंड) वापरत असाल तर तो रेंचला ९० अंशांत लावा, म्हणजे आकडा बदलत नाही.

प्लास्टिकच्या क्विक कनेक्टरला पाना लागत नाही. त्याचं वेगळं टूल मिळतं. पक्कडने दाबलात तर लॉक तुटतो.

शेवटी फ्यूज आणि बॅटरी जोडून, इंजिन सुरू न करता, चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, पंप लाइन भरतो. प्रत्येक नटाभोवती कोरडा टिश्यू फिरवून ओल बघा. पुढे रबरी तुकडे बदलायचे आहेत: ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल चालेल असा, इंजेक्शनच्या प्रेशरचा होज, आणि होज न कापणारे गोल कडांचे क्लॅम्प.