त्याला वारूळ पाहिजे

जानेवारीतली सकाळ होती. परभणीत त्या आठवड्यात पारा दहाच्या खाली उतरला होता. दवाखान्याच्या अंगणात एका लाल कंधारी कालवडीच्या खुराचं ड्रेसिंग करत होते, तेवढ्यात बाकावर गलका झाला. "घोणस हाय, घोणस!" म्हणत कालवडीचा मालक दावं सोडून फाटकापर्यंत गेला. बाकाच्या टोकाला पंचविशीतला एक मुलगा थर्माकोलचा खोका मांडीवर घट्ट धरून बसला होता, शेजारी त्याची आई. कुणीतरी झाकण उचलून आत डोकावलं होतं.

आत बॉल पायथन होता, एक परदेशी अजगर. अंगाचं गोळामोळा करून, डोकं मधोमध लपवून बसलेला. घाबरला की हा असाच चेंडू होतो, त्याचं नावच त्यावरून पडलंय. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि खवले खरखरीत असतात. ह्याचं अंग गुळगुळीत, गडद तपकिरीवर मातकट रंगाचे मोठे डाग. विष नाही. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन ह्या भागातला. हे सगळं मी फाटकाशी उभ्या लोकांना सांगितलं. दोघंतिघं परत येऊन बसले.

मुलाला आत घेतल्यावर पहिल्यांदा कागद मागितले. आपल्याकडचा अजगर, मांडूळ, कुठलाही देशी साप घरात पाळणं गुन्हा आहे. परदेशी सापांची गोष्ट वेगळी, पण 2022 ला वन्यजीव कायदा बदलला आणि 2024 च्या नियमांनुसार असे प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. त्यानं नोंदणीची प्रत मुकाट्यानं टेबलावर ठेवली, आणि माझा त्याच्याबद्दलचा आदर तिथेच वाढला.

"मॅडम, एकवीस दिवस झाले आणून. काहीच खाल्लं नाही."

आई म्हणाली, "ते खाईना झालंय अन् हे पोरगं बी धड जेवना. दोघांचं बी बघा."

माझं रोजचं काम गाईम्हशींचं. साप येतात ते सर्पमित्रांनी आणलेले, जेसीबीखाली सापडलेली धामण नाहीतर विहिरीतून काढलेला अजगर. पाळलेला साप टेबलावर पहिल्यांदाच आला होता. पण तपासणी कुठल्याही जनावराची सारखीच सुरू होते. वजन केलं, 412 ग्रॅम. आणतानाच्या कागदावर 430 लिहिलं होतं. म्हणजे चार टक्के उतरलं. धडधाकट बॉल पायथन महिनोन् महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे न खाण्याची मला एवढी चिंता वाटली नाही. तोंड हळूच उघडून पाहिलं. हिरड्या गुलाबी, शेंबूड नाही, फेस नाही, श्वासाला घरघर नाही. इतक्या थंडीत न्यूमोनियाची भीती होती, ती गेली.

चिंता दुसरीकडे होती. पाठीवर तीन ठिकाणी कुरतडल्याच्या जखमा. कात अर्धवट निघालेली, तिचे वाळके पापुद्रे अंगाला चिकटलेले, शेपटीच्या टोकाशी तर तीन कडी एकावर एक साचली होती. अशा कड्या आवळत गेल्या की रक्त पोचत नाही आणि टोक सडून गळतं. दोन्ही डोळे दुधाळ. सापाला पापणी नसते, डोळ्यावर काचेसारखा खवला असतो. कातेबरोबर तोही निघतो. ह्याचे जुने खवले तसेच राहिले होते.

मग एकेक विचारत गेले. काचेची माशांची टाकी, हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. चारी बाजूंनी उघडी, लपायला काही नाही. वर साधा पिवळा बल्ब, तोही रात्री वीज गेली की बंद. सकाळी टाकीत बावीस अंश असतं म्हणाला. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी बघायला यायचं, मग तो साप बाहेर काढून दाखवायचा. विकणाऱ्यानं "उंदीर टाका, खाईल" एवढंच सांगितलेलं, म्हणून जिवंत उंदीर टाकून रात्रभर तसाच ठेवला. थंडीनं आखडलेल्या सापानं तोंड उघडलं नाही. उंदीर मात्र भुकेला होता.

हे सांगताना त्याचा आवाज बसला. "मी झोपलो होतो मॅडम," एवढंच म्हणाला.

पोविडोन आयोडीन पाण्यात फिक्क्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून जखमा धुतल्या, मलम लावलं. जखमा भरेपर्यंत टाकीत भुसा नको, नुसता कागद अंथरायला सांगितलं. मग कातेकडे वळलो. कोमट पाण्यात जुना टॉवेल भिजवून पिळला, त्याची सैल गुंडाळी केली आणि साप तिच्यात सोडला. मुलानं दोन्ही हातांत ती गुंडाळी धरली. साप आतून सरपटत होता, टॉवेलच्या घडीघडीतून वाट काढत. एका टोकातून डोकं बाहेर आलं की आम्ही पुन्हा आत वळवायचो. अर्धा तास गेला. टॉवेल उलगडला तेव्हा पापुद्रे त्याला चिकटून निघाले होते. पतंगाच्या कागदासारखे पातळ, आणि त्यावर खवल्यान् खवल्याचा ठसा. शेपटीची कडी ओल्या कापसानं बोटाच्या चिमटीत धरून हळूहळू सरकवली. खालची कातडी गुलाबीसर होती. रक्त पोचत होतं.

डोळ्यांना हात लावला नाही. मुलगा म्हणाला, "चिमट्यानं निघेल ना?" निघेल, पण खालचा डोळाही सोबत येऊ शकतो. हवेत ओल ठेव, पुढच्या कातेची वाट बघ, असं सांगितलं.

आता खरं औषध. उबेच्या टोकाला 31 ते 33 अंश, दुसऱ्या टोकाला 25 ते 27, रात्रीही 24 च्या खाली नाही. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, पण थर्मोस्टॅटशिवाय लावायचा नाही, भाजतं. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून टाकीला बाहेरून टेकवायच्या. आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास, कातेच्या वेळी थोडी जास्त. आपली हवा कोरडी, म्हणून पाण्याचं भांडं मोठं आणि जाळीचं वरचं तोंड अर्धं झाकलेलं. दोन्ही टोकांना एकेक बीळ, इतकं अरुंद की वेटोळ्याला भिंती टेकल्या पाहिजेत. आणि पूर्ण एक आठवडा हात लावायचा नाही.

हे शेवटचं त्याच्या गळी उतरेना. "मग त्याला माझी सवय कशी होईल?"

मी सांगितलं, हा साप आफ्रिकेत दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो. अंधार पडल्यावर बाहेर येतो. तू त्याला चौकात बसवलंयस.

आई इतका वेळ गप्प होती. ती पटकन म्हणाली, "म्हंजे त्याला वारूळ पाहिजे! हे आधी सांगायचं न्हाई का रे? पंचमीला आम्ही वारुळाला जातो तर लांबूनच हात जोडून येतो. आत कोण हात घालतंय?"

मला वाटतं, माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा मुलाला ते एक वाक्य जास्त कळलं. त्याच दिवशी माउलीनं कुंभाराकडून दोन लहान मडकी आणली, तोंडाच्या कडा विटेनं घासून गुळगुळीत केल्या. टाकी आतल्या खोलीत हलवली, तिन्ही बाजूंनी वाकळ लावली, हवेला जागा ठेवून. पाहुण्यांना दारातूनच "ते झोपलंय" सांगायची.

मी पुण्यातल्या एका अनुभवी सहकाऱ्याशी बोलून घेतलं. जखमा सुकेपर्यंत खायला नको, मग गोठवलेला उंदीर, तोही सापाच्या सर्वांत जाड भागाइतकाच जाड, चाळीसेक ग्रॅमचा. पूर्ण वितळवून, गरम पाण्यात पिशवीसकट ठेवून कोमट करायचा, कारण ह्याच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात. रात्री, दिवा मालवून, लांब चिमट्यानं.

अकराव्या रात्री साडेनऊला फोन आला. आईचा होता, आवाज अगदी दबका.

"मॅडम, हळू बोला. गिळायलंय."

मीही हळूच विचारलं, डोक्याकडून की शेपटाकडून? "डोक्याकडून. पोरगं दाराआडून बघायलंय." गिळून झालं की दोन दिवस हात लावू नका म्हटलं. "न्हाई लावू देत," म्हणाली आणि फोन ठेवला.

फेब्रुवारीच्या शेवटी मुलगा एकटाच आला, हातात पुठ्ठ्याची नळी घेऊन. आतून अख्खी कात काढून टेबलावर पसरली. तोंडापासून शेपटाच्या टोकापर्यंत एकसंध, पायमोजा उलटा काढावा तशी. डोक्याचा भाग मी खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही बाजूंना एकेक गोल, लहान मण्याएवढी काच. डाव्या बाजूला दोन एकावर एक होत्या. उजवीकडेही.