कुलूपबंद फोन आणि औषधांची यादी

वडिलांच्या औषधांचा सगळा हिशेब मी फोनमधील आरोग्य ॲपमध्ये ठेवते, आणि गोळीची वेळ झाली की वाजणारा गजर हा त्या ॲपचा सर्वांत दुय्यम उपयोग आहे, असे माझे ठाम मत आहे. ते स्वतः बोलू शकत नसतील आणि त्यांचा फोन एखाद्या परक्या माणसाच्या हाती असेल, तेव्हा त्याला काय वाचायला मिळेल, याची मला खरी काळजी वाटते.

आयफोनमध्ये २०१४ पासून ‘मेडिकल आयडी’ची, म्हणजे आपले आजार, औषधे यांची माहिती भरून ठेवण्याची, सोय आहे आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्येही तशीच सोय असते, फोन न उघडता, आपत्कालीन बटणावरून ही माहिती पाहता येते. मात्र ती आपणच भरावी लागते, कुलूपबंद पडद्यावर ती दिसू देण्याची परवानगीही तपासावी लागते, आणि गजरासाठी घेतलेल्या दुसऱ्या ॲपमधील यादी तेथे आपोआप येईलच असे नाही.

यादीइतकीच वेळेची नोंदही मोलाची असते. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत द्यावे लागते. परंतु रुग्णाने गेल्या ४८ तासांत ॲपिक्साबॅनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेतली असेल, तर रक्तस्रावाच्या धोक्यामुळे डॉक्टर ते देण्याबाबत फार सावध असतात. अशा वेळी शेवटची गोळी कधी घेतली, हे नेमके कळायला हवे. दिवसभराच्या गोळ्यांपुढे रात्री एकदम खुणा केल्या, तर अनेक ॲपमध्ये बोट लावल्याची वेळच गोळी घेतल्याची वेळ म्हणून नोंदली जाते. म्हणून वडिलांनी गोळी गिळल्यावरच आमच्याकडे खूण होते.

नुसते ‘रक्तदाबाची पांढरी गोळी’ असे लिहून कोणालाच काही कळत नाही. औषधाचे मूळ नाव, ताकद आणि वेळा, म्हणजे ‘ॲपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम, दिवसातून २ वेळा’ असे लिहिले, की कंपनीचे नाव वेगळे असले तरी कोणत्याही डॉक्टरला उलगडा होतो. पूर किंवा भूकंपात घर सोडावे लागल्यास याच नोंदीवरून नव्या ठिकाणी औषधे लिहून घेणे सोपे जाते. अपस्माराची किंवा दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइडची गोळी अचानक बंद पडणे तर जिवावर बेतू शकते.

फोनची बॅटरी संपू शकते, म्हणून याच यादीची कागदी प्रत वडिलांच्या पाकिटात असते, आणि मात्रा बदलली की ॲपमधली नोंद व तो कागद मी एकाच बैठकीत दुरुस्त करून दोन्हींवर त्या दिवसाची तारीख घालते.