चौथा रकाना

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत लिहा, असं समितीचं पत्र आलं, तेव्हाच ठरलं की आपण लिहायचं ते शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाबद्दल आणि तो घेणाऱ्या बाईंबद्दल. बाकीचं इतर जण लिहितीलच. बाई कोण, हे त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना सांगायला नको.

येशूचं शिष्यत्व वाढतं ते रोजच्या आज्ञापालनाने, आणि बाईंनी ते आमच्याकडून वहीत करून घेतलं. पानावर चार रकाने: तारीख, शास्त्रभाग, त्यातून देवाविषयी काय कळतं, आणि आज काय करायचं. शास्त्रभाग दहा-पंधरा वचनांचा, जास्त नाही. पहिल्यांदा तो मोठ्याने, सावकाश वाचायचा. दुसऱ्यांदा पेन्सिलीने क्रियापदांखाली रेघा ओढायच्या, म्हणजे कोण काय करतो आणि कोणाला काय करायला सांगितलंय ते उघड दिसतं. तिसऱ्यांदा वाचून थोडा वेळ शांत बसायचं आणि मग चौथा रकाना भरायचा. घोळ व्हायचा तो इथेच. ‘मी सर्वांशी प्रेमाने वागेन’ असं लिहिलं की लाल रेघ. कोणाशी? कधी? संध्याकाळी ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं जे सांगता येत नाही, ते चौथ्या रकान्यात चालत नसे.

वाचनाचा हिशेबही त्यांनी घालून दिला होता. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, 260 अध्याय. आठवड्याला 5 धरले की 52 आठवड्यांत पूर्ण. उरलेले दोन दिवस राहिलेलं भरून काढायला. तरीही मागे पडलात तर मागचं सोडा आणि या आठवड्याच्या भागावर या, कारण थकबाकी साचली की माणूस वहीच मिटून ठेवतो. सुरुवात मार्कापासून, येशूची कथा सांगणाऱ्या 16 अध्यायांच्या शुभवर्तमानापासून. उत्साहाच्या भरात बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, रोज तीन-चार अध्याय वाचू लागलेले बहुधा तिसऱ्यात, नियमांनी भरलेल्या लेवीयात, अडकतात.

धैर्याचा धडाही याच वहीतून यायचा. बायबलमधला दानीएल म्हटलं की सगळ्यांना सिंहांची गुहा आठवते. बाई थांबत त्या त्याच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायाच्या दहाव्या वचनावर. राजाखेरीज कोणाकडे काही मागितलं तर सिंहांच्या गुहेत टाकायचं, अशा फर्मानावर सही झाल्याचं कळल्यावर दानीएल घरी गेला आणि यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडक्यांपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना करत राहिला, पूर्वी करत असे तशीच. सवय आधीची होती, फर्मान नंतर आलं. पारसाच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्याही तसाच. राजाने उदासपणाचं कारण विचारलं तेव्हा तो फार घाबरला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पण किसलेव ते नीसान या यहुदी महिन्यांत, म्हणजे सुमारे चार महिने, त्याची प्रार्थना चालू होती, म्हणून त्या क्षणी मनातल्या मनात देवाला हाक मारून यरुशलेम पुन्हा बांधायला जाण्यासाठी काय हवं ते त्याला नेमकं मागता आलं: किती मुदत हवी, कोणत्या अधिकाऱ्यांना पत्रं हवीत, वेशींच्या तुळयांसाठी लाकूड कोणी द्यायचं.

त्यामुळे बाई आम्हाला वाक्यं आधीच तयार करायला लावत. खोट्या नोंदीवर सही मागितली तर काय म्हणायचं? ‘ही नोंद खरी नाही, मी सही करणार नाही. खरी नोंद आत्ता लिहून देते.’ नकार आणि मदत, दोन्ही त्यात. समोरच्यावर आरोप नाही, प्रवचन नाही. भीतीने आवाज कापला तरी चालेल, वाक्य पूर्ण झालं पाहिजे. एखाद्याची चूक दिसली तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम: आधी एकट्याला गाठून, नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घेऊन, शेवटी मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या लोकांपुढे. हा क्रम कुठे मोडतो हेही त्या सांगत. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून ती गोष्ट आधी तिसऱ्याच्याच कानावर घातली जाते, आणि चहाडीला भक्तीचं नाव मिळतं.

एक प्रसंग लिहायलाच हवा. तसा छोटाच आहे. बाईंनी एका मुलाला चुकून सगळ्या वर्गादेखत रागावलं होतं. दुसऱ्या दिवशी हजेरीच्याही आधी, त्याच वर्गासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, ‘काल मी तुला न विचारता दोष दिला. ते चुकीचं होतं. मला क्षमा कर.’ ‘पण’ नाही, ‘जर तुला वाईट वाटलं असेल तर’ नाही, त्या दिवशी डोकं दुखत होतं हेही नाही. मग म्हणाल्या, चूक चारचौघांत झाली तर क्षमाही चारचौघांत मागायची. एकट्याशी झाली असेल तर एकट्यापाशी. आणि फसवून घेतलेलं चौपट परत करणाऱ्या जकातदार जक्कयासारखं भरून देण्याजोगं काही असेल, तर ते भरूनही द्यायचं. तो मुलगा मान खाली घालून उभा होता. बाईंनी त्याच्याकडून ‘असू दे, बाई’ वदवून घेतलं नाही. क्षमा त्याने त्याच्या वेळेने करावी म्हणून त्या शांतपणे हजेरीकडे वळल्या. इतकं मोठं मन मी नंतर फार थोड्यांमध्ये पाहिलं.

आज मंडळीतल्या तरुणांचा अभ्यासगट मी घेते, तो याच चार रकान्यांवर. मुलं हुशार आहेत, मोबाइलवर रोजचं वचन येतं, ती ते लगेच पुढे पाठवतात. चौथा रकाना मात्र कोरा राहतो. शाळेतही शास्त्राचा तास आता आठवड्यातून एकदाच असतो आणि परीक्षा जवळ आली की तोही दुसऱ्या विषयाला जातो, असं ऐकते. फार वाईट वाटतं. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अध्याय 4 मध्ये धमक्या मिळालेल्या येशूच्या शिष्यांनी धमक्या थांबाव्यात असं मागितलं नाही, धैर्याने बोलता यावं असं मागितलं. असं मागायला मुलं कुठे शिकणार?

महोत्सव समितीला विनंती आहे: प्रार्थनेनंतरची वीस मिनिटं रोज या वाचनासाठी परत द्यावीत. वह्यांचा खर्च आमची तुकडी उचलेल. त्या तपासायला, लाल पेनासकट, मी येईन.