वारा किती होता, हे सिद्ध करण्यात गेलेले साडेतीन महिने

गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने आमच्या मोसंबीच्या बागेतील सौर पंपाच्या नऊही प्लेटा खांबांसकट उलथून टाकल्या. वारा दहा मिनिटांत ओसरला. त्यानंतरचे साडेतीन महिने मात्र आजही आठवले की संताप होतो. अर्ज, हिस्सा भरणे आणि पाच अश्वशक्तीच्या पंपाची उभारणी हे सगळे आदल्या वर्षी विनातक्रार पार पडले होते.

अडले ते दुरुस्तीला. उभारणी करणाऱ्या एजन्सीने सांगितले की वारा प्रमाणाबाहेर होता, ही नैसर्गिक आपत्ती आहे, तुम्ही विम्याकडे जा. विम्याच्या पाहणी अधिकाऱ्याने आमच्या महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राची वाऱ्याच्या वेगाची नोंद काढली. ती ताशी 62 किलोमीटर होती. स्ट्रक्चर ताशी 150 किलोमीटरचा वारा सोसेल असे कागदोपत्री लिहिलेले असताना ते 62 ला पडले, म्हणजे दोष उभारणीचा आहे, तेव्हा एजन्सीकडे जा, असे त्यांचे म्हणणे. केंद्र आमच्या शेतापासून कित्येक किलोमीटर दूर आहे आणि वळवाचा झोत एका शिवारात झाडे मोडतो, तर शेजारच्या शिवारात पानही हलवत नाही, हे मी दोघांनाही सांगून पाहिले. संबंधित कार्यालयात प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळे, की वाऱ्याचा वेग ठरल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही. तोवर मी भाड्याच्या जनरेटरवर बाग जगवत होतो.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याने तेव्हा हिशेब मांडून दाखवला. वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि 0.6 ने गुणायचे, की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. आमच्या 540 वॅटच्या नऊ प्लेटांचे क्षेत्रफळ सुमारे 23 चौरस मीटर आहे. ताशी 90 किलोमीटरच्या झोतात त्यांच्यावर साधारण 880 किलोचा, तर 150 च्या वाऱ्यात जवळपास 2,400 किलोचा जोर येऊ शकतो. कोन आणि दिशेनुसार तो कमीअधिक होतो. प्लेटांचे स्वतःचे वजन जेमतेम 250 किलो. त्यांची तोंडे दक्षिणेला असतात, त्यामुळे उत्तरेकडून आलेला वारा त्यांच्या पोटाखाली शिरून त्यांना वर उचलतो आणि तेव्हा त्यांना धरून ठेवतो तो मुख्यतः पाया.

मग मी वाऱ्याचा वेग सोडून पायाच मोजायला घेतला. उपटून आलेल्या काँक्रीटची खोली पावणेदोन फूट भरली. मंजूर आराखड्यात ती तीन फूट होती. शिवाय आमची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. नेमक्या वळवाच्या दिवसांत उथळ पायाभोवतीची माती सुटलेली असते. आराखडा, टेप लावून काढलेले फोटो आणि संयुक्त पाहणीची लेखी मागणी असा अर्ज दिल्यावर चौथ्या खेपेला दोन्ही पक्ष एकाच दिवशी शेतात आले. एजन्सीने पाया नव्याने भरून देण्याचे मान्य केले आणि ऑगस्टअखेर पंप सुरू झाला. त्या दिवशी चारीतून पाणी वाहताना पाहून डोळे भरून आले.

म्हणून पडलेल्या प्लेटा फोटो आणि पंचनामा झाल्याशिवाय हलवू नका, आणि तक्रार फोनवर न करता त्याच दिवशी लेखी देऊन पोहोच घ्या. कोन बदलण्याची सोय असेल तर मे महिन्यात प्लेटा जवळजवळ आडव्या ठेवा. मराठवाड्यात त्या दिवसांत दुपारचा सूर्य डोक्यावर असल्याने विजेत फारसा तोटा होत नाही आणि वाऱ्याचा जोर पुष्कळ घटतो. नटबोल्ट कंपनाने सैल होतात, ते गुढीपाडव्याच्या सुमारास एकदा आवळून घ्यावेत. आणि सर्वांत आधी सांगायला हवे होते ते हे: काँक्रीट ओतण्यापूर्वी खड्ड्यात टेप उभी धरून प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढा. नव्या पायाच्या वेळी मी तसे फोटो काढले, मगच काँक्रीट ओतू दिले आणि त्यांच्या प्रती सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लावून ठेवल्या आहेत.