तळटीपेतला लेख

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका शहराच्या लायब्ररीत काम करते, जुन्या पेपरांच्या विभागात. मायक्रोफिल्मची रिळं काढायची, मशीनवर लावून द्यायची. लोक बहुतेक आजोबांच्या निधनाची बातमी नाहीतर शाळेचा फोटो शोधायला येतात. त्या दिवशी साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या, दोन्ही हात खांद्याजवळच संपलेले. तारखा पाठ होत्या त्यांना. संडे टाइम्स, 24 सप्टेंबर 1972 आणि 27 जून 1976.

जन्म 1960 चा, म्हणाल्या. थॅलिडोमाईडची वर्षं ती. 1958 पासून 1961 पर्यंत इथे ते औषध विकलं गेलं, गरोदर बायका मळमळीसाठी घ्यायच्या आणि मुलं हातापायांशिवाय जन्माला आली.

मी हँडल फिरवत होते, कुठे थांबायचं ते त्या सांगत होत्या. 72 चा लेख आला. औषध विकणारी डिस्टिलर्स कंपनी सगळ्या मुलांसाठी दहा वर्षांत मिळून 32.5 लाख पौंड द्यायला तयार होती, आणि वर्षाचा नफा होता 6 कोटी 48 लाख! हे तिथे सरळ छापलंय. मी वाचत बसले तर त्या म्हणाल्या, "अजून खाली, अगदी खाली घ्या." खाली बारीक तळटीप होती, ही दुर्घटना कशी घडली ते पुढच्या एका लेखात देऊ.

"बाबा दर रविवारी तो लेख शोधायचे. कोर्टाची बंदी आली हे माहीत होतं तरी पानं उलटायचे."

पालकांनी कंपनीवर केलेले दावे कोर्टात पडून होते, त्यामुळे चूक कोणाची यावर लिहिलं की कोर्टाचा अवमान. संपादक हॅरोल्ड इव्हान्सने यातून वाट काढली, कायद्याची जबाबदारी बाजूला ठेवून नैतिक जबाबदारीवर लिहायला घेतलं, आणि ही कंपनी पेपरच्या मोठ्या जाहिरातदारांपैकी होती हे लक्षात घ्या. नोव्हेंबर 72 मध्ये त्या पुढच्या लेखावर बंदी आली, 73 मध्ये अपील कोर्टाने ती उठवली, पण तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ती पुन्हा घातली. पण मोहीम थांबली नाही, पार्लमेंटमध्ये चर्चा झाली आणि जानेवारी 73 मध्ये कंपनी 2 कोटी पौंडांवर आली. बंदी मात्र 76 च्या जूनमध्ये उठली. संपादक तरी स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क कोर्टात लढतच राहिला आणि 1979 मध्ये 11 विरुद्ध 9 मतांनी जिंकला.

मी दुसरं रीळ लावलं. "छापून आला तेव्हा मी सोळा वर्षांची होते, मला वाचायचाच नव्हता," म्हणाल्या. मग सगळा वाचला, एक शब्द न बोलता, मी फक्त हँडल हलवत होते. कंपनीने, औषध मूळ काढणाऱ्या जर्मन कंपनीच्या चाचण्यांवर भरवसा ठेवला, स्वतःच्या पुऱ्या केल्याच नाहीत आणि औषध बाजारात आणलं, असं सगळं त्यात आहे. माझ्या घशात आवंढा आला होता, त्यांचे डोळे कोरडे होते.

घरी येऊन मी रात्री उशिरापर्यंत इव्हान्सबद्दल वाचत बसले. रेल्वे इंजिन ड्रायव्हरचा मुलगा, सोळाव्या वर्षी साप्ताहिकात लागला. डार्लिंग्टनच्या नॉर्दर्न एकोचा संपादक असताना बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सर तपासणीसाठी मोहीम चालवली, मग 1967 ते 1981 संडे टाइम्स. पुढे माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉकने पेपर घेतले, इव्हान्स द टाइम्स या दैनिकावर गेला आणि 1982 च्या मार्चमध्ये, जेमतेम वर्षभरात, तिथून बाहेर पडावं लागलं. त्याचं कौतुक करताना लोक पुरस्कार मोजतात, मला मात्र ती तळटीपच मोठी वाटते. वाचकांना एक लेख देतो म्हणाला होता तो, आणि पावणेचार वर्षांनी का होईना, दिला.

बाईंनी जाताना दोन्हींच्या प्रिंट घेतल्या. 72 च्या पानाची तर मला दोनदा काढायला लावली, कारण पहिल्या प्रिंटमध्ये खालची ती ओळ कापली गेली होती.