हक खोटं बोलतो, तरीही

"खोटं बोलणारा, शाळा चुकवणारा मुलगा तुम्ही आमच्या मुलांपुढे का ठेवता?" ठाण्यात रविवारी नववी-दहावीच्या मुलांबरोबर मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' वाचायला घेतली, तेव्हापासून पालक हे विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मिस वॉटसनच्या गुलामीतून पळून आलेल्या जिमला लपवणं म्हणजे तिच्या मालमत्तेची चोरी, हे हकला शिकवलंय आणि तो ते मानतो. जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र तो लिहितो, त्याला मोकळंही वाटतं. मग आठवतं, आपली झोपमोड नको म्हणून जिम आपल्या वाटणीचाही पहारा द्यायचा. हक पत्र फाडतो आणि नरकात जायला तयार होतो. आपण चांगलं वागलो, हे त्याच्या गावीही नसतं. तो मला एवढ्यासाठीच हवाय.

घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत घरकामाच्या बायकांना रहिवाशांची लिफ्ट मना आहे. सर्व्हिस लिफ्ट बंद होती. आमच्यातल्या एका मुलीने त्यांच्याकडच्या मावशींना हाताला धरून रहिवाशांच्या लिफ्टमध्ये नेलं. वॉचमनने अडवलं तर म्हणाली, "यांना चक्कर आलीय, वर डॉक्टर थांबलेत." साफ खोटं. कॅमेऱ्यातलं चित्रण सोसायटीच्या ग्रुपवर फिरलं. तिचे बाबा माझ्या दारात येऊन म्हणाले, "हे तुमच्या पुस्तकातून आलंय." आलंच असेल. तराफ्यावर वडिलांना देवी आल्यात असं भासवून हक गुलाम शोधणाऱ्यांना परतवतो, ते प्रकरण नुकतंच वाचलं होतं. मी म्हटलं, "तिला खोटं का बोलावं लागलं, ते आधी विचारा." त्यांनी मुलीचं येणं बंद केलं. मला ते अजून लागून आहे.

नंतर तिचा फोन आला. "ताई, दुसऱ्या दिवशी मावशी जिन्यानेच आल्या. मग काय उपयोग झाला?"

काय सांगणार? मित्र टॉम सॉयर आल्यावर हाच हक जिमच्या सुटकेचा खेळ होऊ देतो. जिम कोठडीत, आणि मिस वॉटसनच्या मृत्युपत्राने तो केव्हाच मुक्त झालाय हे टॉमला ठाऊक! शेवटी टॉम जिमच्या हातावर 40 डॉलर ठेवतो. वाटेत भेटलेल्या ठगांनी त्याला विकलं तेही 40 डॉलरलाच. पूर्वी मी म्हणायचे, पोरवय आहे, मित्रापुढे दबला. आता ते पटत नाही. एकट्याने नरक पत्करणारा मित्रापुढे गप्प का? आणि तरी, पत्र फाडलं ते वाया गेलं असंही मी म्हणणार नाही.

येत्या रविवारी पत्राचंच प्रकरण आहे. मुलांना पाठवायचं की नाही, तुम्ही ठरवा.