एसडब्ल्यूआर १.१ आणि लॉगबुकवरचा ओला डाग

मंडळी, जूनच्या अपडेटमध्ये मी मिशीला पीळ देत लिहिलं होतं, की माझ्या हॅम रेडिओच्या गच्चीवरच्या एंड-फेडचा (एका टोकाला केबल जोडलेला तारेचा अँटेना) एसडब्ल्यूआर (पाठवलेली पॉवर किती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) चाळीस मीटरच्या, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या बँडला सपाट १.१ आलाय, वीसला १.२, आणि पंधराला अँटेना जुळवणाऱ्या ट्यूनरला हात लावावा लागत नाही. ते सगळं शब्दशः मागे घेतो. तेव्हा अभिनंदन करणाऱ्यांनी आपापलं अभिनंदनही परत न्यावं.

झालं असं, की जुलैपासून मला कोणी ऐकेना. रोज सकाळी सात मेगाहर्ट्झवर कोल्हापूर, नागपूर, गोवा सगळी मंडळी आपसात गप्पा मारतायत, मी मध्ये कॉल टाकतोय, आणि समोरून "कोणीतरी खूप वीक आहे, क्यूआरझेड?" (म्हणजे कोण हाक मारतंय) एवढंच. एफटी८ वर, म्हणजे क्षीण सिग्नलसाठीच्या संगणकी पद्धतीवर, पुण्याहून उणे १९ डीबीचा रिपोर्ट! दादरहून पुण्याला मोठ्याने हाक मारली तरी याहून बरी पोचेल. आधी प्रॉपगेशनला (लहरींच्या प्रवासाला) दोष दिला, मग विजांच्या क्यूआरएनला (खरखरीला), मग गणपतीत समोरच्या मंडळाच्या एलईडी रोषणाईला. अनंत चतुर्दशी झाली, रोषणाई उतरली, तरी मी आपला मुकाच.

मग संशय गेला अनअनच्या डब्यावर, म्हणजे केबल आणि अँटेना यांची जुळणी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर. सलग दोन रविवार त्यात घालवले. डबा म्हणजे लोहार चाळीतला साधा वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्स, आत एफटी२४०-४३ टोरॉइड (४३ नंबरच्या मिक्सचं फेराइट कडं), प्रायमरी २ वेढे, सेकंडरी १४, प्रायमरीला समांतर १०० पिकोफॅरड. सगळं उलगडून पुन्हा गुंडाळलं. सुटा टोरॉइड हाताशी असावा म्हणून लॅमिंग्टन रोडला गेलो, तर एका दुकानदाराने छातीठोकपणे "साहेब, हाच फॉर्टी-थ्री" म्हणत पिवळा टोरॉइड हातात ठेवला, एक बाजू पांढरी असलेला. नवीन मंडळींनी लक्षात ठेवा, पिवळा-पांढरा म्हणजे मिक्स २६, आयर्न पावडर, जुन्या पॉवर सप्लायमधून निघतो तो. ४३ हा राखाडी-काळा फेराइट असतो, त्याला रंग नसतो. मी घेतला नाही. (खोटं कशाला बोलू, घेतला. स्वस्त होता.)

डब्याच्या आउटपुटला २.२ किलोओहम आणि २७० ओहम सीरिजमध्ये लावून नॅनो व्हीएनएवर (अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर) बघितलं. वेढे १ ला ७, म्हणून ओहम ४९ पट; ४९ गुणिले केबलचे ५० म्हणजे २४५०, तेव्हा हे जवळपास बरोबर लोड. चाळीसला १.२. म्हणजे डबा निर्दोष, आणि माझे दोन रविवार पाण्यात. पाण्यात म्हणजे अक्षरशः, ते पुढे येईलच.

गेल्या मंगळवारी आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अरे, तुझ्या मशीनला घाम आलाय."

"एसीचं पाणी असेल गं."

"एसी त्या भिंतीला आहे. हे या बाजूने आलंय."

लॉगबुकच्या उघड्या पानावर रुपयाएवढा ओला डाग होता, आणि त्यात ऑगस्टमधल्या दोन क्यूएसओंची (रेडिओवरच्या संभाषणांची) शाई पसरलेली. रिगच्या (रेडिओच्या) मागे वाकून पाहिलं, तर पीएल-२५९ कनेक्टरच्या कडेला एक हिरवट थेंब लोंबत होता. बघता बघता पडला. दुसरा जमायला लागला. सातव्या मजल्यावरच्या गच्चीतलं पाणी २५ मीटर आरजी-५८ केबलच्या आतून, तांब्याच्या तारांच्या वेणीवेणीने झिरपत, चौथ्या मजल्यावर माझ्या टेबलापर्यंत आलं होतं.

गच्चीवर जाऊन केबल डब्यापासून सोडवली, टोक उघडंच ठेवलं, खाली येऊन व्हीएनएवर स्वीप मारला (सगळ्या फ्रीक्वेन्सींवर मोजलं). टोकाला काहीच जोडलेलं नाही, तर चांगल्या केबलवर एसडब्ल्यूआर आकाशाला भिडायला हवा. माझा १.७! सात मेगाहर्ट्झलाही नाही, दहालाही नाही, कुठेच १.७ च्या वर जाईना. म्हणजे रिटर्न लॉस (परत आलेल्या सिग्नलमधली घट) १२ डीबी, जातायेता मिळून; नुसता जाण्याचा ६ डीबी, म्हणजे पॉवर चौथाईवर. मी २० वॉट टाकत होतो आणि वर जेमतेम ५ पोचत होते. बाकीचे ओली केबल शेकण्यात खर्च. परावर्तित पॉवरही परतीच्या वाटेवर तशीच जिरत होती, म्हणून मीटर बिचारा म्हणतोय, "सगळं छान!"

आणि खूण तर जूनपासून डोळ्यासमोर होती. आठ-नऊ मेगाहर्ट्झला, जिथे हा अँटेना मुळीच चालायला नको, तिथेही एसडब्ल्यूआर दोनच्या आत होता. मी त्याला ब्रॉडबँड म्हणालो! शिवाय नॉईज मे महिन्यापेक्षा एक एस-युनिट (सिग्नल मीटरवरचा एक टप्पा) खाली आला, तर "काय शांत अँटेना आहे" असंही लिहून बसलो. सिग्नलही तेवढाच खाली गेला होता, हे सुचलं नाही.

केबल उभी चिरली. वरचे तीन-चार मीटर वेणी काळीठिक्कर, पुढे हिरवी, खालीही तांब्याची चमक कुठे नाही. समुद्र जवळ, खारा वारा, त्यात पाणी. ते शिरलं माझ्याच कर्तबगारीने. वरच्या कनेक्टरला नुसती काळी इन्सुलेशन टेप, तीही वरून खाली गुंडाळलेली. मेच्या उन्हात तिचा गोंद वितळला आणि प्रत्येक पदराची कड पाण्याला "या, बसा" म्हणत उघडी राहिली. कौलं शाकारतात तशी टेप खालून वर घ्यायची असते, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो. आता आधी एक पदर साधी टेप, त्यावर ताणून सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप, आणि उन्हापासून वाचवायला पुन्हा साधी. कनेक्टरचं तोंड जमिनीकडे, आणि खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ, म्हणजे थेंब तिथेच गळेल.

नवी केबल जाड आरजी-२१३ घ्यायची असं ठरवून निघालो होतो. मग लोकलमध्ये हिशोब केला. सात मेगाहर्ट्झला २५ मीटरमागे ५८ आणि २१३ मध्ये फरक जेमतेम अर्धा डीबी, आणि २१३ च्या वजनाने गच्चीवरचा बांबू वाकला असता. परत ५८ च घेतली, पण दाट वेणीची, आणि वाचलेल्या पैशांत टेफ्लॉनचे पीएल-२५९. ते स्वस्तातले प्लास्टिकवाले घेऊ नका, सोल्डर धरेपर्यंत आतला भाग मेणासारखा ओघळतो. सोल्डरिंगची इस्त्री मात्र ६० वॉटची तरी हवी. २५ वॉटवाली कनेक्टरला नुसती कोमट करते.

आता खरी शिक्षा. नवी केबल जोडून स्वीप मारला, तर डिप (एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी असतो ती जागा) ७.३२ मेगाहर्ट्झला! ओल्या केबलवर डिप पसरट दिसायचा, त्याच्या मागे लागून मी तार कापतच गेलो होतो. "कापू नका, मागे दुमडा" हे तुमच्यापैकी तिघांनी बजावलं होतं. ७.१ ला आणायला सुमारे ६० सेंटिमीटर तार हवी, आणि कापलेले तुकडे मी कुंडीतल्या मनीप्लांटला बांधलेले. ते सोडवून आणले, जोडले. ७.०९ ला १.३, आणि कडांना वाढत जाणारा, म्हणजे अगदी शहाण्यासारखा वागणारा एसडब्ल्यूआर. उघड्या टोकाची चाचणीही नव्या केबलवर घेऊन ठेवली: साडेनऊ. दर महिन्याला हा आकडा वहीत लिहिणार.

नॉईज परत एस७. तो सुई हलवताना दिसला तेव्हा झालेला आनंद घरच्यांना समजावता आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरहून पाच-नऊ, म्हणजे स्पष्ट आणि जोरदार. रात्री एफटी८ वर जपान.

पुढे लिफ्टच्या ड्राइव्हचा त्रास बघायचाय. लिफ्ट हलली की एस९. शॅककडच्या (रेडिओच्या खोलीकडच्या) टोकाला चोक (केबलच्या बाहेरून येणारा नॉईज अडवणारा) गुंडाळणार होतो ४३ च्या टोरॉइडवर, पण चाळीस मीटरला मिक्स ३१ जास्त बरा. आणि हे लिहितानाच सुचतंय, की चोक खाली कशाला, डब्यापासून दोनेक मीटरवर घातला तर केबलचा तेवढा तुकडा काउंटरपॉइज (अँटेनाची दुसरी बाजू) होईल आणि उरलेली केबल नॉईज गोळा करणार नाही. तर ३१ कोणाकडे पडून असेल तर सांगा, बदल्यात एक पिवळा देतो.

परतीचा पाऊस अजून व्हायचाय. कनेक्टरखाली आईने जुना पंचा घडी करून ठेवलाय. काढू का विचारलं, तर म्हणाली, "असू दे."